खांद्यावरची बंदूक

मराठी शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली. लढणाऱ्याचे कौतुक करायला आपल्या भाषेत शब्दांची वाण नाही. तो तलवार गाजवतो, शर्थ करतो, धारातीर्थी पडतो. पण हाती बंदूक असून जो ती चालवत नाही त्याला काय म्हणावे? आपण भित्रा म्हणून मोकळे होतो! आणि शांतिसैनिकाच्या वाट्याला नेमके हेच काम येते.

1953 साली कोरियातले युद्ध थांबले. मायदेशी परतायला नकार देणाऱ्या सुमारे 22,000 कैद्यांना सांभाळण्याचे काम युद्धबंदीच्या करारानुसार भारतीय पलटणींकडे आले. त्यांचे सेनापती आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. स्वागत कसे झाले म्हणता? दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी आपल्या भूमीवर या जवानांचे पाऊल पडू देणार नाही, असे बजावले. अखेर अमेरिकन हेलिकॉप्टरांनी त्यांना थेट निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरवले.

त्याच सप्टेंबरात कैद्यांनी एका भारतीय मेजरला तारांच्या कुंपणाआड धरून ठेवले. बाहेर पहाऱ्यावर शस्त्रे होती. हुकमाचाच काय तो अवकाश. थोरात स्वतः आत गेले, कैद्यांशी बोलले आणि त्याला सोडवून घेऊन आले. दरवेळी असे साधले नाही. ऑक्टोबरात गोळी चालवावी लागली, काही कैदी प्राणास मुकले. मग एक बाजू म्हणे, हे शिपाई जुलमी. दुसरी म्हणे, हे मिळमिळीत. घरापासून हजारो मैलांवर, ही दुहेरी बोलणी खातच त्यांनी ती दिवाळी काढली.

काँगोत 5 डिसेंबर 1961 रोजी कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया लढता लढता पडले. परमवीरचक्राचा मान मिळालेले ते संयुक्त राष्ट्रांचे एकमेव शांतिसैनिक. त्यांचे नाव आपण घेतो, घ्यायलाच हवे. संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीखाली आजवर 170हून अधिक भारतीयांनी प्राण दिले आहेत. त्यांतली किती नावे आपल्याला सांगता येतील? जिथे शत्रूच नाही तिथे विजय नाही, आणि विजय नाही म्हणून मिरवणूकही नाही. घरच्यांना मात्र दुःख तेवढेच.

दिवाळीत मुलांनी केलेला किल्ला जरा निरखून पाहा. सगळे मावळे तलवारी उगारलेले. दरवाजावरचा पहारेकरी तेवढा नुसता उभा. पाहुणे त्याच्याकडे बघतही नाहीत. पण मुलांना विचारा, तो नसेल तर किल्ला कोण राखणार?