विद्यार्थी आणि त्याचें मन

मनाविषयीं बोलणें महाराष्ट्रास नवीन नाहीं. आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यांतील जांब या गांवीं १६०८ सालीं जन्मलेल्या समर्थ रामदासांनीं मनाला उद्देशून २०५ श्लोक रचिले. आणि आमच्याच गंगाखेडच्या जनाबाईचें नांव घेतलें कीं, जात्यावरचें दळण व त्यांत न गुंतलेलें चित्त हीं दोन्ही डोळ्यांपुढें उभीं राहतात. मन कसें असावें हें संतांनीं सांगितलें. मन प्रत्यक्ष चालतें कसें, तें काय विसरतें, कशानें बिथरतें, याचा प्रयोगानें शोध करणारें शास्त्र मात्र पुष्कळ अलीकडचें आहे. जर्मनींतील लाइप्सिक येथें विल्हेल्म वुंट यांनीं १८७९ सालीं प्रयोगशाळा काढली, तेथून या शास्त्राचा आरंभ मानितात.

आमच्या विद्यार्थ्यांची या शास्त्राशीं गांठ पडते ती अकरावींत, आणि तीही ज्यानें तो विषय घेतला असेल त्याचीच. पहिलीपासून दहावीपर्यंत मुलगा ज्या साधनानें सर्व विषय शिकतो, त्या साधनाविषयीं त्याला कोणीं चार शब्दही सांगत नाहीं, हें मला विपरीत वाटतें. परभणीस १९७२ पासून कृषि विद्यापीठ आहे. माती तपासून मग खत घालावें, हें आतां खेड्यांतील शेतकरीही जाणतो. विद्यार्थ्याच्या मनांत मात्र आपण माती न पाहतां पोत्यानें खत ओतीत असतों. मानसशास्त्राचीं मूलतत्त्वें माध्यमिक शाळेंतच सांगितलीं पाहिजेत, असें माझें मत आहे. तीं का सांगावयाचीं, हें एका उदाहरणानें स्पष्ट होईल.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन विद्वानानें स्मृतीवर जे प्रयोग केले, ते स्वतःवरच केले. दोन व्यंजनें व मध्यें एक स्वर अशीं सुमारें २,३०० निरर्थक अक्षरें त्यानें जुळविलीं. हेतु हा कीं, अर्थाची मदत न होतां निव्वळ स्मरणशक्तीचें माप मिळावें. त्यांच्या माळा करून त्या तो पाठ करी, कांहीं काळ जाऊं देई, आणि तीच माळ पुन्हा पाठ करण्यास किती श्रम वांचतात हें मोजी. तासाभरानें निम्म्याहून कमी बचत होई. एका दिवसानें सुमारें एक तृतीयांश. महिन्यानें सुमारें एक पंचमांश. हें पुस्तक १८८५ सालीं प्रसिद्ध झालें. पहिल्या कांहीं तासांतच विसर झपाट्यानें पडतो व पुढें मंदावतो, हें त्यांतून निष्पन्न झालें. तेव्हां वर्गांत शिकलेलें दुसऱ्या दिवशीं आठवत नाहीं म्हणून कपाळावर हात मारणाऱ्या विद्यार्थ्यानें लक्षांत घ्यावें कीं, असे प्रयोग करणाऱ्या त्या पंडिताची गतही तीच होती.

त्याच पुस्तकांत आणखी एक मोलाची गोष्ट आहे. एकाच बैठकींत ६८ वेळां घोकून जें फळ मिळालें, तेंच तीन दिवसांत विभागून केलेल्या ३८ आवृत्त्यांनीं मिळालें. मार्च महिन्यांत रात्ररात्र जागून वर्षाचा इतिहास एका रात्रींत गिळूं पाहणाऱ्या मुलांनीं हे दोन आंकडे भिंतीवर लिहून ठेवावे.

दुसरा शोध अगदीं अलीकडचा आहे. २००६ सालीं रोडिगर व कार्पिकी या अमेरिकन संशोधकांनीं विद्यार्थ्यांना उतारे दिले. कांहींनीं उतारा वाचून पुन्हा वाचला; कांहींनीं एकदां वाचून, पुस्तक मिटून, आठवेल तें लिहून काढलें. पांच मिनिटांनीं परीक्षा घेतली तेव्हां पुन्हा वाचणारे सरस ठरले. आठवड्यानें घेतली तेव्हां उलट झालें. आठवून लिहिणाऱ्यांना सुमारें ५६ टक्के आठवलें, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२. म्हणजे पुन्हा पुन्हा वाचल्यानें ‘मला येतें’ असा भास होतो, आणि तो भासच घात करतो.

हें वाचतांना मला आमच्या आजोबांच्या काळचा परवचा आठवला. दिवेलागणीला पुस्तक न घेतां पाढे, पावकी, निमकी, मोठ्यानें आणि रोज म्हणावयाचीं. शब्बाथशाळेंतही मागील रविवारचें वचन आधीं म्हणून दाखवावें लागे, मग नवें मिळे. पुस्तकावांचून आठवणें आणि दिवसादिवसांनीं आठवणें, हीं दोन्ही तत्त्वें त्यांत होतीं. घोकंपट्टी म्हणून आम्हीं तो परवचा टाकून दिला. अर्थ न समजतां म्हणणें आणि चुकल्यास छडी खाणें हा त्यांतील दोष खरा. पण दोषाबरोबर गुणही उकिरड्यावर गेला.

आतां बुद्धीविषयीं. फ्रान्समध्यें आल्फ्रेड बिने यांनीं सिमाँ यांच्या साह्यानें १९०५ सालीं बुद्धिमापनाच्या कसोट्या तयार केल्या. कोणत्या मुलास अधिक मदत पाहिजे हें ओळखावें, एवढाच त्यांचा उद्देश होता. बुद्धि ही जन्मतः ठरलेली व न वाढणारी वस्तु आहे, या समजुतीचा बिने यांनीं १९०९ च्या आपल्या पुस्तकांत स्पष्ट निषेध केला. आपल्या देशांत लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजांतील डॉ. राइस यांनीं या कसोट्यांचें हिंदुस्थानी रूप १९२२ च्या सुमारास सिद्ध केलें. आणि मराठी व कानडी मुलांसाठीं डॉ. व्ही. व्ही. कामत यांनीं त्या जुळवून घेतल्या, त्यांचें पुस्तक १९४० सालीं निघालें. पॅरिसच्या मुलास विचारावयाचा प्रश्न जसाच्या तसा धारवाडच्या मुलास विचारून चालत नाहीं, हें त्यांनीं जाणलें. आम्हीं शिक्षक मात्र कोणतीही कसोटी न लावतां, एका दृष्टिक्षेपांत निकाल देतों.

हें मी दुसऱ्यांविषयीं लिहीत नाहीं. बारा वर्षांपूर्वीं एका मुलास मीं भर वर्गांत ‘मठ्ठ’ म्हटलें. अपूर्णांकाची बेरीज त्याला तिसऱ्यांदा चुकली होती, आणि मला तास संपवावयाचा होता. त्यानंतर त्यानें माझ्या तासाला कधीं हात वर केला नाहीं. नववींत त्यानें शाळा सोडली. गेल्या वर्षीं पंपाची मोटार जळाली म्हणून मी एका दुकानांत गेलों, तर रिवाइंडिंग करीत तोच बसलेला. किती अश्वशक्तीच्या मोटारीस कोणत्या जाडीची तार आणि किती वेढे, हें तो कागद न पाहतां कामकऱ्यास सांगत होता. मीं कौतुक केलें. तो हसून म्हणाला, “सर, मी तर मठ्ठच होतो ना!” त्याच्या बोलण्यांत राग नव्हता, हेंच मला अधिक लागलें. तो शब्द त्यानें खरा मानला होता.

अवधानाविषयीं एकच गोष्ट सांगतों. अमेरिकेंतील स्ट्रूप नांवाच्या गृहस्थानें (हे पुढें बायबलचे अध्यापक म्हणून प्रसिद्ध झाले) १९३५ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईनें लिहावा व शाईचा रंग सांगावयास लावावें. वाचतां येणारा मनुष्य हटकून अडखळतो. हा खेळ आमच्या वर्गांत करून पाहिला, फार हशा झाला. पण जडलेली संवय न बोलावतां मध्यें येते, हें मुलांना त्यांत दिसलें. दप्तरांत मोबाईल वाजतांच हात तिकडे जातो, तो याच जातीचा होय. तो निग्रहानें आवरण्यापेक्षां यंत्रच दुसऱ्या खोलींत ठेवणें सोपें.

परीक्षेच्या वेळीं छाती धडधडणें, तळहातास घाम येणें, हा रोगही नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे. सावध झालेल्या शरीराची ती रीत आहे. परंतु कित्येक आठवडे मन खिन्न असेल, झोप उडाली असेल, जगणें नको वाटत असेल, तर तें लपवूं नये. प्रार्थनेनें धीर येतो, हें मी अनुभवानें जाणतों. पण ताप आला असतां आपण प्रार्थना करतों आणि डॉक्टरकडेही जातों. सरकारनें २०२२ च्या ऑक्टोबरांत ‘टेलि-मानस’ सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलतां येतें. घरीं सांगण्यास संकोच वाटल्यास आम्हां शिक्षकांपैकीं कोणासही सांगावें.

येत्या जूनपासून माझ्या तासाचीं शेवटचीं दहा मिनिटें पुस्तकें मिटून, त्या दिवशींचें, मागील आठवड्याचें व मागील महिन्याचें आठवून लिहिण्यास देणार आहें. त्यांस गुण नाहींत. ज्या विद्यार्थ्यांना स्वतःच्या विसराचा आलेख काढून पाहावयाचा असेल, त्यांनीं मजकडे यावें. वह्या मीं आणून ठेविल्या आहेत.