घर नवं, शेजार जुना

मुलांनो, तुमची वस्ती पाडून नवी बांधायची ठरली तर पहिला प्रश्न कोणता विचाराल? 'माझे मित्र कुठं जाणार?' हाच ना!

पुण्यात येरवड्याच्या काही वस्त्यांमध्ये २००९च्या सुमारास वेगळी वाट निवडली गेली. केंद्र सरकारच्या योजनेतून महानगरपालिकेनं घरं द्यायची, पण अख्खी वस्ती उठवायची नाही. पक्की घरं तशीच ठेवायची. कच्ची तेवढी पाडून त्याच जागी नवी बांधायची. प्रत्येक कुटुंबाला २७० चौरस फूट. खर्चाचा दहावा हिस्सा कुटुंबानं भरायचा. गल्ली तीच, शेजारीही तेच!

नकाशा सगळ्यांना कुठं वाचता येतो? म्हणून वास्तुरचनाकारांनी कापडाचं खऱ्या मापाचं घर उभं केलं. मग काय, आजीसुद्धा आत शिरून पाहू शकते! सोपं मात्र नव्हतं हं. बांधकाम होईपर्यंत अनेकांना दुसरीकडे राहावं लागलं.

आता तुमचं काम. अंगणात खडूनं १८ फूट लांब, १५ फूट रुंद आयत आखा. झालं २७० चौरस फूट. त्यात पाच माणसांची चूल, झोप आणि अभ्यास बसवून दाखवा. ज्याचं घर, त्याला आधी का विचारायचं, ते लगेच कळेल.