राखणदाराची राखण

कोकणातल्या हापूसच्या बागा आणि मासेमारीच्या नौका आज फार मोठ्या प्रमाणावर नेपाळी कामगारांच्या बळावर चालतात. मोहोराच्या आसपास रत्नागिरी, राजापूर, देवगडच्या बागांतून नेपाळी माणसे राहायला येतात. फवारणी, वानरांपासून राखण, झेल्याने फळ उतरवणे, पेट्या भरणे ही सारी कामे त्यांच्याकडे असतात. पावसाळी बंदी उठली की मिरकरवाडा, हर्णैच्या बंदरांतून सुटणाऱ्या नौकांवर जाळी ओढणारे कितीतरी खलाशी नेपाळीच. या माणसांना कामावर ठेवणाऱ्या मालकावर कोणती बंधने आहेत असे विचारले, तर सगळीकडून बहुधा एकच उत्तर येते: पोलीस ठाण्यात नावे द्यायची. या उत्तरात कामगाराची ओळख आहे, मालकाची जबाबदारी नाही. शेजारी देशातून माणूस कामाला आणायचा असेल तर नियमाने आधी मालकाला बांधले पाहिजे, कारण कामाची जागा, मजुरीचा हिशेब आणि परतीची वाट या तिन्ही गोष्टी मालकाच्या हाती असतात. या मताला चार आक्षेप घेतले जातात. ते एकेक करून तपासू.

पहिला आक्षेप कायद्याच्या नावाने येतो. नेपाळशी आपला १९५० चा मैत्री करार आहे, नेपाळी माणसाला व्हिसा लागत नाही, कामाचा परवानाही लागत नाही, मग मालकाने वेगळा नियम पाळायचा तरी कशासाठी, असे विचारले जाते. यातला पूर्वार्ध खरा आहे. त्या कराराच्या सातव्या कलमाने दोन्ही देशांच्या नागरिकांना परस्परांच्या भूमीवर राहणे, मालमत्ता, व्यापार, ये-जा यांत समान सवलती दिल्या, आणि सीमा ओलांडून येणाऱ्या नेपाळी नागरिकाला व्हिसातून मिळालेली सूट २०२५ च्या नव्या विदेशी नागरिक कायद्यानंतरही कायम आहे. पण निष्कर्ष उलटा काढला जातो. परवाना लागत नाही याचा अर्थ हा कामगार कायद्याच्या दृष्टीने स्थानिक कामगाराच्या पंगतीला बसला असा होतो, कायद्याबाहेर गेला असा होत नाही. भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेत हे स्पष्ट लिहिलेले आहे: इतर परदेशी कामगारांसाठी वेगळे नियम असताना, नेपाळी नागरिकाला १९५० च्या करारामुळे भारतीय कामगारच मानले जाते. ही योजना छोट्या बागेला लागू होत नसेल, पण तिच्यामागचे तत्त्व लागू होते. बळजबरीच्या श्रमाला मनाई करणारे संविधानाचे २३ वे कलम फक्त नागरिकांपुरते नाही. किमान वेतनापेक्षा कमी देऊन करून घेतलेले काम हे त्या कलमाखाली बळजबरीचे श्रम ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितले. २१ व्या कलमातला जीविताचा हक्क परदेशी व्यक्तीलाही आहे, हे त्याच न्यायालयाने २००० साली एका बांगलादेशी महिलेच्या प्रकरणात ठरवले. करार दाखवून जबाबदारी झटकणाऱ्याच्या विरुद्ध तो करारच उभा राहतो.

तरीही प्रत्यक्षात हा कामगार दोन कायद्यांच्या फटीत पडतो, हे मान्य केले पाहिजे. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेलेल्या मजुरांसाठी होता. त्याच्या जागी आलेल्या कामगार संहितेतही 'आंतरराज्य' हीच व्याख्या राहिली. बिहारहून आलेला खलाशी त्या व्याख्येत बसतो, त्याच जाळ्याला हात लावणारा नेपाळी खलाशी बसत नाही. तिकडे नेपाळमध्ये आखाती देशांत किंवा मलेशियात जाणाऱ्याला सरकारची श्रम स्वीकृती घ्यावी लागते आणि तिच्यासोबत विम्याचे कवच मिळते. भारतात येणाऱ्याला ती स्वीकृती लागत नाही, म्हणून ते कवचही मिळत नाही. २०२० च्या टाळेबंदीत महाकाली नदीच्या अलीकडे, धारचुल्याला अडकून पडलेल्या नेपाळी मजुरांनी या फटीची किंमत मोजली. कोण कुठे कामाला होता, कोणाची किती मजुरी बाकी होती, हे दाखवणारा कागद अशा मजुरांजवळ सहसा नसतो.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. किनारपट्टी संवेदनशील आहे, २६/११ चे हल्लेखोर समुद्रमार्गेच आले, म्हणून पोलीस पडताळणी हाच खरा नियम, असे म्हणतात. पडताळणी हवीच. बांगलादेशी किंवा म्यानमारच्या नागरिकाला नेपाळसारखी सूट नाही आणि खोट्या ओळखीने कोणी कामाला लागू नये, हेही योग्य. पण पडताळणी हंगामात एकदा होते, मालकाची हजेरी मात्र रोज होते. ज्या मालकाकडे कामगाराच्या 'नागरिकते'ची, म्हणजे नेपाळी नागरिकत्वाच्या दाखल्याची प्रत, आल्या-गेल्याची तारीख आणि मजुरी जमा झाल्याची बँकेतली नोंद आहे, त्याच्याकडे कोण काम करतो हे सरकारला कायम कळते. रोख मजुरी आणि कच्ची वही हीच खोट्या ओळखीची लपण्याची जागा आहे. नुसत्या धाकाने काय होते हे थायलंडने दाखवले आहे. तिथे जून २०१७ च्या अध्यादेशाने बेकायदा परदेशी कामगार ठेवणाऱ्या मालकाला माणशी आठ लाख बाथपर्यंत दंड ठेवला. नोंदणीची सोय पुरेशी नसताना आलेल्या या दंडाच्या भीतीने म्यानमार आणि कंबोडियाचे हजारो कामगार काही दिवसांत सीमेकडे धावले, सरकारला दंडाची कलमे स्थगित करावी लागली आणि २०१८ मध्ये तो दंड दहा हजार ते एक लाख बाथ इतका खाली आणावा लागला. नोंदणीची वाट सोपी केल्याशिवाय दंड वाढवला की कामगार आणखी अंधारात जातो.

तिसरा आक्षेप स्थानिकांच्या रोजगाराचा, आणि तो तुच्छतेने झटकण्यासारखा नाही. बाहेरच्या कामगाराला संरक्षण द्याल तर कोकणातल्या तरुणाच्या पोटावर पाय येईल, असे सांगितले जाते. पण कोणाचे काम का जाते ते नीट पाहावे. बागेतल्या खोपटात राहणारा माणूस दिवसा फवारणी करतो आणि रात्री राखणही करतो, तरी त्याला पगार एकाच कामाचा मिळतो. त्याच्याशी गावातल्या मजुराची स्पर्धा होऊच शकत नाही, कारण गावचा मजूर संध्याकाळी घरी जातो आणि जास्तीच्या तासांचे पैसे मागतो. परका कामगार स्वस्त पडतो तो परका म्हणून नव्हे, तर त्याच्या वाट्याचे नियम कोणी पाळत नाही म्हणून. दोघांना एकच किमान वेतन, एकच कामाचे तास आणि एकच भरपाई लागू केली तर मालक कामगार निवडताना कौशल्य पाहील. नेपाळी कामगाराच्या हक्काचा नियम हा अशा रीतीने स्थानिक मजुराच्या हक्काचाही नियम ठरतो.

चौथा आक्षेप लहान बागायतदाराचा आहे आणि चारांत तोच सर्वांत प्रामाणिक आहे. अवकाळी पाऊस, फुलकिडे, औषधांचा खर्च आणि दलालाच्या हाती असलेला भाव यांनी तो आधीच पिचलेला आहे. दोन राखणदारांसाठी त्याला कारखान्यासारखी दप्तरे ठेवायला लावणे अन्यायाचे होईल. म्हणून नियम थोडके, ठाम आणि पाळण्याजोगे हवेत. ग्रामपंचायतीत किंवा बंदरावरच्या मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात एक पानी नोंद व्हावी आणि तीच पोलिसांनी ग्राह्य धरावी, म्हणजे मालकाला दोन दारे झिजवावी लागणार नाहीत. त्या पानावर नेपाळमधला जिल्हा, गाउँपालिका (तिकडची ग्रामपालिका) आणि घरच्या माणसाचा संपर्क असावा. ठरलेली मजुरी, दिलेली उचल आणि कामाची मुदत नेपाळीतही लिहिलेली असावी, त्याची एक प्रत कामगाराच्या खिशात असावी. मजुरी बँकेतून द्यावी. भारतातून नेपाळला पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची सोय २००८ पासून आहे, तिचा उपयोग व्हावा. कामगाराची ओळखपत्रे मालकाने किंवा मुकादमाने स्वतःजवळ ठेवू नयेत आणि उचल फिटली नाही म्हणून कोणाला अडवून धरू नये. १९७६ च्या वेठबिगारीविरोधी कायद्यात तो गुन्हाच आहे. माणूस मिळवून देण्याचे मुकादमाचे पैसे मालकाने भरावेत, कामगाराच्या मजुरीतून कापू नयेत. नेपाळने २०१८ मध्ये मलेशियाशी केलेल्या करारात भरतीचा, विमानप्रवासाचा आणि व्हिशाचा खर्च मालकावर टाकला गेला, मग रेल्वेने येणाऱ्याच्या बाबतीत ते अशक्य का असावे? शेवटचा नियम अपघात विम्याचा. कामावर इजा झाली तर मालकाने भरपाई द्यावी, हे तत्त्व आपल्या कायद्यात १९२३ पासून आहे. आंब्याच्या कलमावरून पडलेल्या किंवा समुद्रात बुडालेल्या माणसाच्या घरी भरपाई पोहोचते ती विमा असला तरच. लहान मालकाच्या विम्याच्या हप्त्यातला वाटा राज्याने उचलावा. ज्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या नावावर राज्य मिरवते, तर त्या फळाला हात लावणाऱ्या माणसाचा विमा राज्याला जड होऊ नये.

बागायतदार संघ आणि मच्छीमार सोसायट्या यांनी या नियमांची वाट पाहत बसू नये. करारपत्र, बँकेतली मजुरी आणि विमा या तीन गोष्टी येत्या हंगामापासून त्यांना आपापल्या सभासदांकडून सुरू करून घेता येतील, त्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. राखणदाराचे नाव पोलिसांच्या वहीत आधीच आहे. ते आता मालकाच्या वहीत, त्याच्या हक्कांसह, यायला हवे.