बालवाडीत वही कशासाठी?

पूर्वप्राथमिक वर्गाच्या पालकसभेत एक तक्रार हमखास होते. चार महिने झाले तरी वही कोरीच आहे. शेजारच्या शाळेतली मुले शंभरपर्यंत आकडे लिहितात आणि आमचे मूल घरी येऊन ‘आज खेळलो’ एवढेच सांगते. मग फी खेळण्यासाठी भरायची का? तक्रार काळजीपोटी होते, म्हणून तिचे उत्तर नीट द्यायला हवे. माझे उत्तर असे: साडेतीन वर्षांच्या मुलाच्या भरलेल्या वहीवरून ते काय शिकले हे मुळीच कळत नाही. कळते ते इतकेच, की त्याचा शिकण्याचा वेळ गिरवण्यात गेला.

आधी हाताचे पाहू. मनगटात आठ छोटी हाडे असतात. जन्मतः ती कूर्चेची असतात आणि पुढे वर्षानुवर्षे एकेक करून टणक होत जातात. साडेतीन वर्षांच्या मुलाची त्यातली निम्मी तरी अजून तयार झालेली नसतात. त्या हाताकडून ‘अ’च्या दहा ओळी गिरवून घेतल्या की मूल पेन्सिल मुठीत आवळते, खांद्यापासून हात ओढते, दमते, आणि ती पकड पुढे मोडता मोडत नाही. याउलट कणीक मळणे, मणी ओवणे, चिमटीने चिंचोके वेचणे, ओल्या मातीत बोटाने रेघा ओढणे, ही त्याच हाताची लिहिण्याची तयारी आहे. तिची नोंद वहीत होत नाही, एवढाच तिचा दोष.

आकड्यांचेही तसेच. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला सात चिंचोके मागून पाहा. पुष्कळदा ते ओंजळभर देते. आकडे म्हणणे आणि मोजणे या वेगळ्या गोष्टी आहेत. मोजणे कुठे शिकले जाते, ते पाहायचे तर बालवाडीतल्या दुकान-दुकान खेळाजवळ थोडा वेळ बसावे. खडे म्हणजे बटाटे, पाने म्हणजे नोटा. ताई गिऱ्हाईक होऊन येतात. ‘चार बटाटे द्या.’ दुकानदार मूठभर खडे त्यांच्या पदरात ओततो. ताई चूक दाखवत नाहीत. एकेक खडा उचलून तळहातावर ठेवतात आणि थांबतात. मग मूलच मोजू लागते, चारावर अडते, उरलेले परत घेते. ‘पाहुणे येणार आहेत हो, आणखी एक द्या. आता किती झाले?’ मूल पुन्हा एकपासून मोजते. काही आठवड्यांनी तेच मूल चाराच्या पुढे थेट ‘पाच’ म्हणते, मागे जाऊन मोजत नाही. बेरीज सुरू झाली ती इथे. आणि याच खेळात दुकानदाराला रांग पाळावी लागते, हवी असलेली वस्तू दुसऱ्याला द्यावी लागते, भांडण झाले तर बोलून मिटवावे लागते. एरवी क्षणभर न थांबणारे मूल भूमिकेत शिरले की थांबते. खेळातल्या भूमिकेचा नियम पाळताना मूल स्वतःला आवरायला शिकते, हे रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगोत्स्की यांनी फार पूर्वी मांडले आहे.

‘खेळायला घर आहे की,’ असे यावर म्हटले जाते. आहे, पण दोन खोल्यांच्या घरात, हातात मोबाइल असलेल्या एकट्या मुलाला बरोबरीची दहा मुले कुठून मिळणार? शिवाय नेमक्या क्षणी ‘आता किती झाले?’ असे विचारणारी ताई तिथे नसते. आक्षेप घेणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य आहे. खोलीत प्लास्टिकची खेळणी ओतून दार लोटून घेणे याला खेळातून शिक्षण म्हणता येत नाही. कोणता खेळ मांडायचा, त्यात कधी शिरायचे, कधी गप्प राहायचे हे ताईंनी आदल्या दिवशी ठरवलेले असावे लागते. असा वर्ग चालवणे फळ्यावर अक्षर काढून ‘गिरवा’ म्हणण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

सर्वांत जोरकस आक्षेप वेगळाच आहे. खेळ हे सुखवस्तू घरांचे चोचले. ज्याच्या घरात पुस्तक नाही त्याला लवकरात लवकर अक्षर द्या. याचे उत्तर महाराष्ट्रात आधीच दिले गेले आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या, आणि 1957 मध्ये हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेले. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्याच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्यांसाठी ती कुरणात नेली. माँटेसरी शिक्षणपद्धतीची महागडी साधने परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने झाली. ज्यांच्याकडे काहीच नव्हते अशा मुलांसाठी या दोघींनी खेळाचीच वाट निवडली, कारण घोकंपट्टीच्या शाळेपासून हीच मुले सर्वांत आधी दूर पळत होती.

गरीब घरांतल्या मुलांबद्दल परदेशातली साक्षही अशीच आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात यप्सिलँटी गावी 1962 साली गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतल्या 123 मुलांवर पेरी प्रीस्कूल अभ्यास सुरू झाला. काही मुलांना बालशाळा मिळाली, काहींना नाही. मुलांनी स्वतः करून शिकावे यावर तिथे भर होता. शिक्षिका दर आठवड्याला घरीही जात, तेव्हा सगळे श्रेय खेळाला देणे बरोबर होणार नाही. पण ही माणसे चाळिशीला पोहोचली तेव्हा बालशाळेत गेलेल्यांची कमाई जास्त आणि अटकेचे प्रसंग कमी आढळले.

उरली पहिलीत मागे पडण्याची भीती. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे, म्हणजे पहिली-दुसरीतही खेळातूनच शिकवायचे आहे. जी शाळा पहिलीच्या प्रवेशाला लिहिता-वाचता येण्याची अट घालते, तीच या धोरणाविरुद्ध वागते. जाब तिला विचारायला हवा.

आणि सरकारलाही. एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली. तिच्या सहा सेवांपैकी पूर्वप्राथमिक शिक्षण ही एक. पण आहार, वजने, लसीकरण, सर्वेक्षण आणि मोबाइलवरच्या नोंदी यांतून या योजनेतल्या अंगणवाडी सेविकेला मुलांबरोबर बसायला निवांत तास मिळत नाही. तिला आपण अजून मानधनावर ठेवले आहे, पगारावर नाही. शिक्षण हक्क कायदा सहाव्या वर्षापासून लागू होतो. त्याआधीच्या वर्षांची सोय सरकारने करावी असे त्याचे अकरावे कलम सुचवते, बंधन घालत नाही. हा हक्क तिसऱ्या वर्षापासून द्या, आणि अंगणवाडीच्या ताईला शिक्षिकेचा दर्जा व शिक्षिकेचा पगार द्या.