पाणबुडीचा श्वास अंबरनाथमध्ये

घाटकोपर, मुलुंडहून कल्याणपुढे जाणारी लोकल पकडली की तासाभरात अंबरनाथ येते. तिथल्या डीआरडीओच्या नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेत आपल्या पाणबुड्यांच्या एका जुन्या दुखण्यावर उपाय सापडला आहे. तो पाणबुडीपर्यंत पोहोचायला मात्र फार वेळ लागत आहे.

दुखणे साधे आहे. कलवरी वर्गाच्या पाणबुड्या पाण्याखाली बॅटरीवर चालतात. बॅटरी भरायची तर डिझेल इंजिन हवे आणि इंजिनाला हवा. त्यामुळे दर काही दिवसांनी पृष्ठभागाजवळ येऊन श्वासनळी बाहेर काढावी लागते. नळी रडारवर दिसू शकते, इंजिनाचा आवाज दूरवर जातो. लपणे हेच जिचे शस्त्र, ती नेमकी तेव्हा उघडी पडते. घाईने पळण्याचीही सोय नाही. वेग दुप्पट केला तर वीज सुमारे आठपट लागते. थोडक्यात, पाणबुडीची ताकद टॉर्पेडोइतकीच विजेच्या हिशेबावर ठरते.

अंबरनाथचा उपाय फ्युएल सेलचा. हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या संयोगातून वीज व पाणी मिळते. इंजिनाची धडधड नाही. जर्मन पाणबुड्या हायड्रोजन टाक्यांत साठवून नेतात, इथे तो लागेल तसा पाणबुडीतच तयार होतो. स्फोटक वायूचा साठा सोबत नको, ही मोठीच सोय. पवईत पसारा असलेली लार्सन अँड टुब्रो आणि पुण्याची थरमॅक्स यात भागीदार आहेत. ही वीज बॅटरीची जागा घेत नाही. संथ गतीने जाताना बॅटरीवरचा भार ती उचलते आणि पाण्याखालचा मुक्काम दिवसांवरून आठवड्यांवर नेते.

जमिनीवरची चाचणी मार्च 2021 मध्ये यशस्वी झाली. यंत्रणेचा नवा भाग बांधून पाणबुडीत बसवण्यासाठी माझगाव डॉकशी सुमारे 1,990 कोटींचा करार झाला तो डिसेंबर 2024 मध्ये. तोवर ‘कलवरी’ नौदलात दाखल होऊन सात वर्षे उलटली होती. पाकिस्तानची ‘हमझा’ फ्रेंच बनावटीची अशी यंत्रणा घेऊन 2008 पासून समुद्रात आहे. शास्त्रज्ञांनी आपले काम केले. चाचणी आणि करार यांमधली जवळपास चार वर्षे कुठे गेली, याचे उत्तर संरक्षण मंत्रालयाने द्यायला हवे. पाणबुडी मधोमध कापून नवा भाग जोडायचा तर ती मोठ्या दुरुस्तीसाठी गोदीत यावी लागते. ही पाळी हुकली की पुढची येईपर्यंत तिला श्वासासाठी वर यावेच लागेल.