सहल सिमल्याची, पण रेल्वेने

दरसाल सहलीची नोटीस लागते आणि दरसाल आमच्या वर्गातली निम्मी नावे यादीत नसतात. खासगी लक्झरीचे भाडे ऊसतोड कामगाराच्या घरातून कुठून यायचे? माझे स्पष्ट मत आहे: पुढची सहल रेल्वेने काढावी, आणि थेट सिमल्याला.

हसू नका. 17 सप्टेंबर 2025 रोजी बीडहून अहिल्यानगरची गाडी सुरू झाली. तिथून झेलम एक्सप्रेसने अंबाला, पुढे कालका. कालका-सिमला ही 1903 सालची अरुंद रेल्वे 96 किलोमीटरांत चौदाशे मीटर चढते! शैक्षणिक सहलीला शयनयानाच्या भाड्यात निम्मी सवलत मिळते; प्राचार्यांचे सहीशिक्क्याचे पत्र तेवढे हवे. गाडीत काढलेल्या रात्रीचा लॉजखर्च वाचतो. भाकरी-ठेचा बरोबर असतोच.

खरी अडचण तारखेची. दिवाळीनंतर आमचे काही मित्र फडात असतात. पट्टा पडल्यावर, मे महिन्यात निघायचे तर आरक्षण 60 दिवस आधी, म्हणजे मार्चमध्येच करावे लागणार, आणि तेव्हा हातात एकरकमी पैसा नसतो. म्हणून वर्ष सुरू होताच महिन्याला थोडी थोडी वर्गणी जमा करावी. सर, वही तुम्ही घाला. पहिले नाव माझे लिहा.