कँटरबरीचा वारस : चर्चा नावांची, पेच पदाचा

आर्चबिशप ऑफ कँटरबरी जस्टिन वेल्बी यांनी १२ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीनामा जाहीर केला आणि त्यांचा वारस कोण, यावरून तर्कवितर्कांना उधाण आले. इसवी सन ५९७ मध्ये सेंट ऑगस्टिन यांच्यापासून सुरू झालेल्या या परंपरेत वेल्बी हे १०५ वे आर्चबिशप. १०६ वे नाव जाहीर होण्यास ३ ऑक्टोबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला. लंडनच्या बिशप सारा मुल्लाली यांच्या रूपाने प्रथमच एका महिलेची या पदासाठी निवड झाली. मधल्या जवळपास अकरा महिन्यांत नावांची चर्चा उदंड झाली. ज्या पेचामुळे हे पद रिकामे झाले, तो मात्र मागे पडला.

राजीनाम्यामागील कारण गंभीर होते. ख्रिस्ती शिबिरांशी संबंधित वकील जॉन स्माइथ याने अनेक वर्षे शंभरहून अधिक मुले व तरुणांचा अमानुष छळ केला. २०१३ मध्येच प्रकरण रीतसर पोलिसांकडे गेले असते, तर २०१८ मध्ये मरण पावलेल्या स्माइथला न्यायालयासमोर उभे करता आले असते, असा निष्कर्ष चौकशी अहवालाने काढला. त्याची जबाबदारी स्वीकारून पायउतार होण्याची वेळ वेल्बी यांच्यावर आली. नव्या आर्चबिशपपुढील पहिली कसोटी त्यामुळे पीडितांचा विश्वास पुन्हा मिळवण्याची होती.

तर्कांना ऊत येण्याचे मूळ निवडीच्या पद्धतीतच आहे. येथे उमेदवारी अर्ज नाही, प्रचार नाही आणि जाहीरनामाही नाही. सतरा मतदार सदस्यांचा आयोग बंद दाराआड बसतो. दोन तृतीयांश मते मिळालेले नाव पंतप्रधानांकडे आणि तेथून राजाकडे जाते. पूर्वी आयोग दोन नावे देत असे व पंतप्रधानांना निवडीस वाव होता. २००७ मध्ये गॉर्डन ब्राऊन यांनी हा अधिकार प्रत्यक्षात सोडून दिला. या वेळी आयोगाचे अध्यक्षपद लॉर्ड इव्हान्स यांच्याकडे, म्हणजे एमआय-५ या गुप्तचर संघटनेच्या माजी प्रमुखांकडे होते. अशा स्थितीत बातमीदारांच्या हाती अंदाजांखेरीज फारसे काही उरले नाही.

या अंदाजांत चेम्सफर्डच्या बिशप गुली फ्रान्सिस-देहकानी यांचे पारडे जड मानले जात होते. इराणमधील इस्फहान येथे जन्मलेल्या आणि क्रांतीनंतर ब्रिटनमध्ये निर्वासित म्हणून आलेल्या बिशपची निवड ऐतिहासिक ठरली असती. लेस्टरचे मार्टिन स्नो, नॉर्विचचे ग्रॅहॅम अशर ही नावेही घेतली जात होती. मुल्लाली यांच्याबाबत वयाचा मुद्दा होता. बिशपांना सत्तराव्या वर्षी निवृत्त व्हावे लागते आणि निवडीच्या वेळी त्या ६३ वर्षांच्या होत्या. तरीही आयोगाचा कौल त्यांना मिळाला. पूर्वाश्रमीच्या परिचारिका, १९९९ मध्ये इंग्लंडच्या मुख्य परिचर्या अधिकारी, २००१ मध्ये धर्मदीक्षा आणि २०१८ पासून लंडनसारख्या मोठ्या धर्मप्रांताची जबाबदारी, असा त्यांचा प्रवास आहे. गोंधळलेल्या संस्थेला धक्कातंत्रापेक्षा प्रशासनाचा अनुभव हवा, असा या निवडीचा अर्थ लावता येतो.

तथापि, खरा पेच व्यक्तीचा नसून पदाचा आहे. आर्चबिशप हे पोप नव्हेत. जगभरातील ४२ स्वायत्त चर्चप्रांतांवर त्यांचा मान चालतो, हुकूम चालत नाही. भारतातील चर्च ऑफ साऊथ इंडिया आणि १९७० मध्ये नागपुरात स्थापन झालेले चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हीदेखील याच परिवारातील. पण त्यांचा कारभार कँटरबरीहून चालत नाही. जगभरातील चर्चचा आवाज ऐकला जावा म्हणून आयोगात त्यांच्या प्रतिनिधींची संख्या एकवरून पाचवर नेण्यात आली आणि कँटरबरी धर्मप्रांताच्या जागा सहावरून तीनवर आल्या. त्याने दरी मात्र बुजली नाही. महिलांचे नेतृत्व आणि समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद या प्रश्नांवर नाराज असलेल्या, प्रामुख्याने आफ्रिकेतील चर्चचे बळ लाभलेल्या ‘गॅफकॉन’ या गटाने १६ ऑक्टोबर २०२५ रोजी कँटरबरीचे नेतृत्व झुगारल्याचे जाहीर केले. नाव घोषित होऊन तेव्हा पंधरवडाही उलटला नव्हता.

दुसऱ्या कोणाची निवड झाली असती तरी हा संघर्ष टळला असता, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पुराणमतवादी खूश झाले असते, तर इंग्लंडमधील सुधारणावादी दुखावले असते. अधिकार थोडा आणि अपेक्षा अफाट, अशी या गादीची अवस्था आहे. मुल्लाली २०३२ मध्ये सत्तरीत पोहोचतील आणि नावांच्या याद्या पुन्हा निघू लागतील. तोवर पीडितांना न्याय मिळाल्याचा अनुभव आला नाही, तर पुढचे नाव कोणाचे, या प्रश्नात चर्चच्या चार भिंतींबाहेर कोणाला रस उरेल, याचा विचार या संस्थेला आजच करावा लागणार आहे.